प्लॅस्टिक जहाजांची जुनी किट ओळखताना या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरच्या जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात, किंवा जालना-परभणीकडे एखाद्या जुन्या वाड्याची आवराआवर चालू असताना, अधूनमधून जहाजाचे चित्र असलेला पुठ्ठ्याचा खोका हाती लागतो. मुंबईला गोदीत नोकरी केलेल्या किंवा आखातातून परतलेल्या कोणा मामा-काकांनी तो घरातल्या मुलांसाठी आणलेला असतो, आणि मुलांनी दोन-चार भाग चिकटवून तो माळ्यावर टाकून दिलेला असतो. हे किट (सुटे भाग चिकटवून जहाजाची छोटी प्रतिकृती करायचा संच) किती जुने, कोणत्या कंपनीचे आणि आतले जहाज खरोखर चित्रातलेच आहे का, हे ठरवताना ज्या चुका हमखास होतात, त्यांतल्या बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत.

साच्यावरचे साल हे खोक्याचे साल नव्हे

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जहाजाच्या तळाला आतून कोरलेले साल वाचून किट तेवढेच जुने आहे असे समजणे. हे साल साचा घडवला तेव्हाचे असते. पोलादी साचा तयार करणे फार खर्चाचे असल्यामुळे कंपन्या एकच साचा अनेक दशके वापरतात, तो दुसऱ्या कंपनीला विकतात किंवा भाड्याने देतात, आणि साल मात्र पुसले जात नाही. अमेरिकेच्या रेव्हेल कंपनीने १९५३ मध्ये 'मिसुरी' या युद्धनौकेचे किट काढले. पुढे त्याच साच्यातून निघालेले जहाज 'न्यू जर्सी', 'आयोवा' आणि 'विस्कॉन्सिन' या तिच्या भगिनीनौकांच्या नावांनीही विकले गेले. ऑरोरा या दुसऱ्या अमेरिकी किट-कंपनीचा कारभार १९७७ मध्ये आटोपला तेव्हा तिचे साचे मोनोग्राम या कंपनीकडे गेले. पायरो या कंपनीचे साचे आधी लाइफ-लाइक आणि नंतर लिंडबर्ग या नावाखाली वापरात आले, तर इंग्लंडच्या एअरफिक्सची किट अमेरिकेत एमपीसी या तिथल्या कंपनीच्या खोक्यातूनही विकली जात. थोडक्यात, खोक्यावर एक नाव आणि आतल्या प्लॅस्टिकवर दुसरे, असे आढळले तर लगेच ते बनावट ठरवू नये.

मग वय कसे ठरवायचे? त्यासाठी खोका आणि सूचनापत्रक यांच्याकडेच वळावे लागते, पण चित्राकडे नव्हे, तर कडेच्या बारीक अक्षरांकडे. रेव्हेल आणि ऑरोराच्या जुन्या अमेरिकी खोक्यांवर किटच्या क्रमांकापुढे बहुधा तीन आकडे असतात आणि ते किमतीचे असतात. १९८ म्हणजे १ डॉलर ९८ सेंट. हे ठाऊक नसेल तर माणूस तो आकडा भागांची संख्या समजून भाग मोजत बसतो. (मी एक अख्खी दुपार मोजत बसलो होतो.) एअरफिक्सच्या बाबतीत मालकी कधी बदलली हे लक्षात ठेवले की काम सोपे होते. कंपनी १९८१ मध्ये पॅलिटॉयकडे, १९८६ मध्ये हंब्रोलच्या गटाकडे आणि २००६ मध्ये हॉर्नबीकडे गेली. खोक्यावर उत्पादक म्हणून हॉर्नबीचा पत्ता असेल, तर विक्रेता 'सत्तरच्या दशकातला माल' म्हणून कितीही शपथा घेवो, तो खोका तेवढा जुना असू शकत नाही. याला एक पूरक खूण आहे: साचा झिजत गेला की भागांच्या कडांना प्लॅस्टिकची पातळ झालर येऊ लागते, म्हणून फार झालर असलेले किट सहसा त्या साच्यातून उशिरा काढलेले असते.

नाव वाचून समाधान मानू नका

ही चूक आपल्याकडे विशेष होते, कारण आपल्याला भारतीय नौदलाची जहाजे करायची असतात. एअरफिक्सने १/६०० प्रमाणात (म्हणजे खऱ्या जहाजाच्या सहाशेपट लहान) 'लिअँडर' नावाचे किट काढले, ती १९६० च्या दशकातली फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका आहे. याच आराखड्यावरून मुंबईच्या माझगाव गोदीने 'निलगिरी' बांधली आणि ती १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. मात्र १९३० च्या दशकातल्या क्रूझरांचाही (फ्रिगेटहून मोठ्या युद्धनौकांचा) एक वर्ग 'लिअँडर' याच नावाने ओळखला जातो. त्यातली 'अकिलीझ' १९४८ मध्ये भारताने घेतली आणि 'दिल्ली' या नावाने ती १९७८ पर्यंत राहिली. 'दिल्ली' करायची असेल, तर त्याच प्रमाणातले 'एजॅक्स' या क्रूझरचे किट शोधावे लागते. माझ्या एका मित्राने 'दिल्ली'साठी 'लिअँडर' मागवले आणि ती चुकीची नौका आजही त्याच्या कपाटात आहे. बारकाव्यांतले बदल दोन्ही किटमध्ये करावे लागतातच, पण निदान वर्ग तरी बरोबर असावा.

खोका नसेल आणि सुटे जहाजच हाती लागले असेल, तर मोजपट्टी घ्यावी. खऱ्या जहाजाची लांबी सेंटिमीटरमध्ये करून तिला मॉडेलच्या लांबीने भागले की प्रमाण मिळते. 'मिसुरी' सुमारे २७० मीटर लांब आहे. मॉडेल साडेपन्नास सेंटिमीटर भरले तर प्रमाण १/५३५ येते आणि ते रेव्हेलचे असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. असे विचित्र आकडे पाहून गोंधळू नये, कारण त्या काळी ठरलेल्या मापाच्या खोक्यात बसेल एवढे जहाज करण्याची पद्धत होती. शिडाच्या जहाजांत मात्र पुढे आलेली तिरकी काठी मापात धरू नये.

जपानी किटबाबत एक वेगळाच गैरसमज आढळतो. शिझुओकातल्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी १९७१ मध्ये १/७०० प्रमाणातली 'वॉटरलाइन' मालिका सुरू केली. त्यातली जहाजे पाण्याच्या पातळीपर्यंतच असतात आणि तळ सपाट असतो. खालचा भाग हरवला आहे असे समजून अशी किट भंगारात गेलेली मी पाहिली आहेत.

घरी आणल्यावर

आता माझी सर्वांत मोठी चूक. कसर लागून सूचनापत्रक खाल्ले जाऊ नये म्हणून मी एका ट्रंकेत किटबरोबर डांबरगोळ्या ठेवल्या. त्यांतल्या नॅफ्थलीनमुळे पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचे प्लॅस्टिक, मऊ पडते, हे मला पावसाळ्यानंतर कळले; डेकचा पृष्ठभाग चिकट होऊन त्यावर खड्डे पडले होते. नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन आणि पेट्रोल यांनीही हे प्लॅस्टिक विरघळते, म्हणून जुना रंग किंवा चिकटपट्टीचा डिंक काढायला ती वापरू नयेत. शिडाच्या जहाजांतल्या मऊ काळ्या दोरशिड्या वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात, कारण त्या वर्षानुवर्षे टेकून राहिल्या तर कठीण प्लॅस्टिकवर कायमचे वळ उठू शकतात.

आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याच्या खोलीतला माळा ही किट ठेवण्याची जागाच नव्हे. डोलकाठी वाकली असेल तर हाताला सोसेल अशा गरम पाण्यात ती थोडा वेळ बुडवावी, सपाट जागी हलके दाबून सरळ करावी आणि लगेच गार पाण्यात घालावी. उकळते पाणी वापरू नये. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि पातळ काठी हातातच वेडीवाकडी होते.

डिकल (पाण्यात भिजवून जहाजावर चिकटवायची चित्रे आणि खुणा) पिवळे पडले असतील तर ते पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला काही दिवस चिकटवून ठेवावेत, पिवळेपणा बराच उतरतो. वापरण्यापूर्वी नको असलेला एक तुकडा पाण्यात टाकून पाहावा. तो फुटला, तर उरलेल्या कागदावर आधी पारदर्शक लॅकरचा पातळ हात फिरवावा, आणि तो वाळला की प्रत्येक डिकल कात्रीने वेगळा कापावा, नाहीतर सगळा कागद एकच पापुद्रा होऊन सुटतो.