छोटा मिररलेस कॅमेरा घेण्यापूर्वी वापरणाऱ्यांची मते कशी पारखावीत

छोटा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा वापरणाऱ्या चार जणांना त्याच्याविषयी विचारले, तर एकाच बॉडीबद्दल, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याबद्दल, दोन टोकांची मते ऐकायला मिळतात. एक जण तो नेहमी जवळ राहतो म्हणून त्याची तारीफ करतो, तर दुसरा तो हातात बसत नाही म्हणून विकायला काढतो. दोघेही खरेच सांगत असतात, कारण कौतुकाचे आणि तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा एकच असते, आणि ते म्हणजे कॅमेऱ्याचा लहान आकार. त्यामुळे कोणत्या मॉडेलला जास्त लोक चांगले म्हणतात, हे मोजण्यात फारसा अर्थ नाही. प्रत्येक मत आपण कॅमेऱ्याकडून जे काम घेणार आहोत त्याच्याशी ताडून पाहावे लागते. नाशिककराचे हे काम साधारण ठरलेले असते: रामकुंडावरची संध्याकाळची आरती, त्र्यंबकच्या बाजूचे डोंगर, घरचे लग्नकार्य, हौस असेल तर नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नवा किंवा वापरलेला कॅमेरा घेण्याचा विचार करणाऱ्यांना ही पारख कशी करावी, ते येथे मांडले आहे.

आकार लहान का होतो, हे आधी समजून घ्यावे. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरसा असलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात, लेन्स आणि प्रकाश टिपणारा सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलण्यासाठी जागा सोडावी लागते. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटमध्ये (लेन्स अडकवण्याच्या बैठकीला माउंट म्हणतात) बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मिलिमीटर आहे. सोनीच्या ई माउंटमध्ये आरसाच नसल्यामुळे ते १८ मिलिमीटरवर आले आहे. सोनी ए६००० हा २०१४ साली आलेला कॅमेरा बॅटरी व कार्ड धरून ३४४ ग्रॅम भरतो. कॅनन आर५० हा ३७५, फुजीफिल्म एक्स-टी३० हा ३८३ आणि सोनी ए६४०० हा ४०३ ग्रॅमचा आहे. या वर्गातील जवळजवळ सगळ्यांचे गुणदोष सारखेच असल्याने पुढे मुख्यतः ए६००० आणि त्याच्या भावंडांची उदाहरणे घेतली आहेत. वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या बाजारात हेच अधिक सहज मिळतात.

वजनाचे कौतुक सर्वांत आधी ऐकू येते आणि ते रास्त आहे. हरिहर किल्ल्याच्या कातळातील उभ्या पायऱ्या चढताना दोन्ही हात खोबण्यांमध्ये अडकलेले असतात. गळ्यात लोंबकळणारा जड कॅमेरा तेथे नुसती अडचणच नव्हे, तर धोकाही ठरतो. ११६ ग्रॅमची १६-५० मिलिमीटरची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी; मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते) लावलेली छोटी बॉडी कमरेच्या पाऊचमध्ये मावते आणि माथ्यावर पोहोचल्यावर क्षणात बाहेर निघते. मात्र बॉडी लहान झाली म्हणून लेन्स लहान होतेच असे नाही, आणि मालकांच्या अपेक्षाभंगाचे हे एक मोठे कारण आहे. नांदूर मध्यमेश्वर हे २०२० साली जाहीर झालेले महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा; तेथे मनोऱ्यावरून दूरच्या पाणथळीतील पक्षी टिपायचा तर ३४५ ग्रॅमची ५५-२१० मिलिमीटरची लेन्स अपुरी पडते. ७०-३५० मिलिमीटरची लेन्स ६२५ ग्रॅमची आहे, म्हणजे बॉडीच्या दुपटीच्या जवळ. २००-६०० मिलिमीटरची लेन्स तर दोन किलोंहून जड आहे, आणि तिच्या मागे लावलेल्या छोट्या बॉडीला नीट पकडायलाही जागा उरत नाही. ज्यांना मुख्यतः पक्षीच टिपायचे आहेत, त्यांनी वजनाच्या कौतुकाकडे सरळ दुर्लक्ष करावे.

पकडीची परीक्षा दुकानातच करावी. काउंटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला बहुधा किट लेन्स लावलेली असते आणि तिच्यासह कोणतीही बॉडी हातात छानच वाटते. दुकानदाराला विनंती करून आपण पुढे घेऊ अशी एखादी जड लेन्स लावून पाहावी आणि बोलता बोलता पाच-दहा मिनिटे कॅमेरा उजव्या हातात धरून ठेवावा. करंगळी बॉडीखाली लोंबत राहिली आणि मनगट ताणले जाऊ लागले, तर ती तक्रार आपलीही होणार हे ओळखावे. तळाशी बसणारी धातूची जोडपट्टी घेऊन करंगळीला आधार देता येतो, पण तिच्यामुळे आकार वाढतो, आणि मग मुळातच थोडी मोठी बॉडी का घेऊ नये, हा प्रश्न उभा राहतो. चष्मा वापरणाऱ्यांनी व्ह्यूफाइंडर आवर्जून पाहावा. ए६००० मालिकेत तो डाव्या कोपऱ्यात आहे. उजव्या डोळ्याने पाहणाऱ्याचे नाक पडद्याला लागत नाही, पण डाव्या डोळ्याने पाहणाऱ्याला ही सोय मिळत नाही.

बॅटरीविषयीची तक्रार सार्वत्रिक आहे. पडदा किंवा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर यांपैकी एक सतत चालू असतो, आणि लहान बॉडीत बॅटरीही लहानच बसते. ए६००० च्या एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरीवर प्रमाणित चाचणीनुसार पडदा वापरून सुमारे ३६० आणि व्ह्यूफाइंडर वापरून सुमारे ३१० छायाचित्रे निघतात. घरच्या वापराला तेवढे पुरते. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत थांबणाऱ्याला पुरत नाही. २०२३ च्या ए६७०० मध्ये मोठी एनपी-एफझेड१०० बॅटरी आहे आणि तेथे ही तक्रार बरीच निवळली आहे, पण तो कॅमेरा किमतीने वेगळ्याच वर्गात बसतो. जुन्या मॉडेलवर साधे उपाय असे: काम नसताना एअरप्लेन मोड चालू ठेवावा, शटरचे बटण न दाबताही फोकस शोधत राहणारी ‘प्री-एएफ’ ही सोय बंद करावी आणि पडदा विझण्याची वेळ कमी करावी. ए६००० सोबत स्वतंत्र चार्जर येत नाही, बॅटरी बॉडीतच चार्ज होते, म्हणजे तेवढा वेळ कॅमेरा अडकून पडतो. म्हणून दुसरी बॅटरी आणि बाहेरचा चार्जर यांचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावा.

कमी प्रकाशाविषयीची मते वाचताना सर्वांत जास्त गोंधळ होतो, त्यामुळे येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. ए६०००, ए६४००, निकॉन झेड५० आणि कॅनन आर५० यांपैकी कोणाच्याही बॉडीत हाताची थरथर सावरणारी यंत्रणा नाही. ती असलीच तर लेन्समध्ये असते. एखादा मालक पांडवलेण्यांतील छायाचित्रे हललेली येतात असे म्हणतो, तेव्हा त्याच्याजवळ कोणती लेन्स होती, हे विचारले पाहिजे. लेण्यांत हा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे, कारण पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायला वेगळी परवानगी लागते आणि चैत्यगृहात दारापासून आत गेल्यावर उजेड झपाट्याने कमी होतो. तेथे स्तूप किंवा खांब टिपायचे तर थरथर सावरणारी लेन्स मोठा फरक पाडते, कारण विषय जागचा हलत नाही. रामकुंडावरच्या आरतीत मात्र पुजाऱ्यांचे हात आणि ज्योती सतत हलत असतात, आणि आपला हात कितीही स्थिर असला तरी त्यांची गती थांबत नाही. तेथे शटर किमान १/१२५ सेकंद ठेवावे लागते आणि त्यासाठी मोठ्या ॲपर्चरची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी लेन्स हवी (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके ॲपर्चर मोठे). २६५ ग्रॅमची सिग्मा ३० मिलिमीटर एफ/१.४ या कामाला उत्तम आहे, पण तिच्यात थरथर सावरण्याची सोय नाही; सोनीच्या ३५ आणि ५० मिलिमीटर एफ/१.८ या एपीएस-सी (या कॅमेऱ्यांतील सेन्सरच्या आकाराच्या) लेन्समध्ये ती आहे. एफ/३.५-५.६ ची किट लेन्स घेऊन आरतीला जायचे आणि कॅमेरा अंधारात चालत नाही असे म्हणायचे, हा बॉडीवर अन्याय आहे. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची पातळी, ३२०० पर्यंत नेण्यास घाबरण्याचेही कारण नाही. थोडे दाणे आलेले छायाचित्र हललेल्या छायाचित्रापेक्षा केव्हाही बरे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. मंगल कार्यालयातील स्वस्त एलईडी दिव्यांखाली छायाचित्रांवर आडवे पट्टे आले, तर कॅमेरा बिघडला असे समजू नये. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, आणि आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचत असल्यामुळे ही लुकलुक पट्ट्यांच्या रूपाने उमटते. शांत शटर बंद करून वेग १/५० किंवा १/१०० ठेवला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. व्हिडिओसाठी मेन्यूत पाल (PAL) ही व्हिडिओ पद्धत निवडून २५ किंवा ५० फ्रेम ठेवाव्यात.

व्ह्यूफाइंडरमध्ये छायाचित्र काढण्यापूर्वीच त्याचा उजेड दिसतो, हा मिररलेसचा असा गुण आहे की त्याबद्दल तक्रार करणारे जवळजवळ कोणी नसते. काळाराम मंदिराचा काळा दगड भर दुपारच्या आकाशासमोर टिपताना कॅमेऱ्याचे उजेडाचे मोजमाप हमखास फसते, पण ते फसल्याचे आधीच दिसल्याने एक चक्र फिरवून दुरुस्ती करता येते. फक्त स्टुडिओचा किंवा ट्रिगरवर चालणारा फ्लॅश वापरताना याच सोयीमुळे पडदा काळा दिसतो. तेव्हा मेन्यूत सेटिंगचा परिणाम दाखवणारा पर्याय बंद करावा.

पुष्कळशा बारीक तक्रारी अशा एकेका सेटिंगने मिटतात आणि त्यांच्यामुळे खरेदी नाकारू नये. कॅमेरा कमरेजवळ धरून पडदा वर वळवला की शर्ट जवळ आल्याने, डोळा जवळ आला की ओळखणारा सेन्सर फसतो आणि पडदा विझतो. ए६००० मध्ये व्ह्यूफाइंडर व पडदा यांची अदलाबदल स्वयंचलित न ठेवता हाताने निवडावी आणि हा पर्याय एखाद्या बटणावर ठेवावा. सोनीचे जुने मेन्यू विस्कळीत आहेत हे खरे, पण नेहमीच्या बारा गोष्टी एफएन बटणावर मांडल्या की मेन्यूत शिरायची वेळ क्वचितच येते. ए६००० ला स्पर्शाचा पडदा नाही, बाहेरचा माइक जोडायला जागा नाही, फोरके व्हिडिओ नाही. या उणिवा कोणत्याही सेटिंगने भरून निघत नाहीत, म्हणून व्हिडिओ हे मुख्य काम असेल तर किमान ए६४०० किंवा आर५० पाहावा. सेकंदाला ११ छायाचित्रांची सलग मालिका काढल्यावर ती कार्डावर लिहिली जाईपर्यंत ए६००० थोडा वेळ अडून राहतो. महागडे, अधिक वेगाचे यूएचएस-टू कार्ड घेऊन ही गती वाढत नाही, कारण बॉडी फक्त यूएचएस-वन वेगच ओळखते.

धूळ आणि दमट हवा यांबाबत मात्र नाशिकच्या वापरणाऱ्याने अधिक कडक राहावे. आरसा नसल्यामुळे लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो. उन्हाळ्यात द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यांवर लेन्स बदलण्याचा मोह टाळावा, आणि बदलावीच लागली तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून बदलावी. या वर्गातील बहुतेक बॉडींना पाण्यापासून संरक्षण नसते, त्यामुळे पावसाळ्यात अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीवर जाताना जाड प्लास्टिकची पिशवी जवळ हवी. रंगपंचमीला रहाडीच्या (रंगीत पाण्याने भरलेल्या हौदाच्या) जवळपास तर कॅमेरा न नेलेलाच बरा. घरी परतल्यावर ओला पाऊच कपाटात ठेवू नये. दमट हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते; घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखावी.

वापरलेला कॅमेरा घेताना स्वतःचे मेमरी कार्ड घेऊन जावे. एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचे छायाचित्र काढून ते मोठे करून पाहिले की सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. ठिपके ब्लोअरने (हवेचा झोत मारणाऱ्या छोट्या साधनाने) किंवा सफाईने जातात, पण ओरखडा जात नाही. लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का, ते तपासावे. १६-५० ची लेन्स विजेवर उघडते, म्हणून कॅमेरा चार-पाच वेळा बंद-चालू करून ती न अडखळता बाहेर येते का, हे पाहावे. बिलावरचा अनुक्रमांक बॉडीच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळवावा. नवा कॅमेरा असामान्य स्वस्त मिळत असेल, तर भारतातील वॉरंटी कार्ड आणि जीएसटी क्रमांकाचे पक्के बिल मागावे. ते देताना टाळाटाळ झाली तर दुसरे दुकान गाठावे.

माउंटची निवड बॉडीपेक्षा जास्त काळ टिकते, तरी मालकांच्या बोलण्यात तिचा उल्लेख कमी येतो. कॅननची ईएफ-एम मालिका, ज्यात एम५० सारखा लोकप्रिय कॅमेरा होता, २०२३ मध्ये बंद झाली. ती आज स्वस्त मिळते, पण तिच्यासाठी कॅननच्या नव्या लेन्स येणार नाहीत. आर५० च्या आरएफ माउंटसाठी सिग्मा आणि टॅमरॉन यांनी एपीएस-सी लेन्स २०२४ मध्ये जाहीर केल्या, त्यामुळे तेथील निवड आता वाढू लागली आहे. सोनीच्या ई माउंटला वापरलेल्या लेन्सची सर्वाधिक निवड आहे आणि मर्यादित पैशांत कॅमेरा घेणाऱ्यासाठी माझ्या मते हाच निर्णायक मुद्दा ठरावा.

बॉडी व किट लेन्स घरी आल्यावर पहिल्या दिवशी दुसरी बॅटरी, चार्जर आणि ब्लोअर एवढेच घ्यावे आणि दुसऱ्या लेन्सची घाई करू नये. दोन-तीन महिन्यांची छायाचित्रे संगणकावर उघडून त्यांच्या माहितीत फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा, पाहावी. बहुतेक छायाचित्रे ५० मिलिमीटरला अडकलेली असतील, तर लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी. १६ मिलिमीटरला अडकलेली असतील, तर वाइड अँगल लेन्स. आणि आयएसओचे आकडे सतत वर गेलेले दिसले, तर एफ/१.४ किंवा एफ/१.८ ची लेन्स घ्यावी.