खानदेशात वायनरी काढताय? या चुका टाळा

नाशिकच्या दोन वायनऱ्या बघून, टेस्टिंग रूममध्ये फोटो काढून माणूस साक्री-पिंपळनेरला परतला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मशिनरी कुठली घेऊ?" सांडपाण्याचं काय करणार, मे महिन्यात वाइन थंड कशी ठेवणार, पैसे सुटेपर्यंत घर कशावर चालवणार, हे कुणी विचारत नाही. द्राक्षं पिळायची इटलीची प्रेस हप्त्यावर मिळते, पाणी मिळत नाही. केळीसाठी उपसा करून करून यावल-रावेरकडे बोअर किती खोल गेले, ते डोळ्यासमोर आहे. तरी नव्या वायनरीत पाइप चालू ठेवून फोनवर बोलणारा पोरगा हमखास दिसतो. नीट चालवलेल्या वायनरीत एक लिटर वाइनमागे दोन-चार लिटर पाणी पुरतं. बेफिकिरी असली की तेच दहाच्या पुढे जातं.

टाक्या धुतलेलं पाणी वावरात सोडणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. धुळे जिल्ह्यातल्या एका लहान वायनरीने मला ऐन पावसाळ्यात बोलावलं, वाइनला वास येतोय म्हणून. वाइन चाखली, ठीक होती. वास मागच्या चारीतून येत होता. हंगामभर टाक्या कॉस्टिक सोड्याने धुतल्या होत्या आणि ते पाणी चारी काढून सरळ कपाशीच्या वावरात दिलं होतं. विचारलं तर मालक, आबा, निवांत म्हणाले, "पानी ते पानीच शे भाऊ, वावरमा सोडी दिधं."

शेजारच्या वावरात वाफसा आला होता, कोळपणी चालली होती. आबांच्या त्या तुकड्यात पाणी तसंच उभं, कपाशी पिवळी पडलेली. बांधाकडचा भाग वाळला होता, तिथलं ढेकूळ टाचेने फुटेना. कॉस्टिक सोड्यातला सोडियम काळ्या मातीतल्या कॅल्शियमला हुसकावतो, चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि पाणी खाली उतरतच नाही. वर वाइनच्या गाळातली साखर आणि आम्लं सडतात, मुळांचा प्राणवायू खातात. वास त्याचाच होता. विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या क्षारांमधला सोडियमचा वाटा, 15 टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण धरतात. आबांचा माती परीक्षणाचा कागद त्याच्या बराच पुढे होता. मग जिप्सम टाका, चर काढा, धैंचाचं हिरवळीचं खत गाडा. हलक्या जमिनीत हे पाप लवकर दिसत नाही. आपल्या काळ्या जमिनीत ते दिसतं, आणि निस्तरायला वर्षं जातात.

माझी सवय सांगतो. आधी कोरडी सफाई: वायपर, फावडं, बादली. चोथा आणि गाळ नालीत जाताच कामा नये, जाळी लावली तरी. टाकीच्या भिंतीला चिकटलेले टार्टरचे (द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे) खडे गरम पाण्याने बरेचसे निघतात, त्यासाठी छतावर सोलर वॉटर हीटर पुरतो. कॉस्टिक लागलंच तर पोटॅशचं घ्यावं. महाग पडतं, पण पोटॅश पिकाला चालतं. (म्हणून कितीही ओतायचं नाही.) तेच द्रावण पंपाने फिरवून पुढच्या टाकीला वापरायचं, शेवटचं खळबळलेलं पाणी दुसऱ्या टाकीच्या पहिल्या धुण्याला. प्रत्येक पाइपच्या टोकाला दाबल्यावरच उघडणारं नोझल, आणि धुण्याच्या लाइनवर वेगळं मीटर. एवढं करूनही उरलेलं पाणी आम्ल-अल्कली साधून, हवा देऊनच बाहेर काढायचं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती काढताना हे सगळं कागदावर लिहून देतात आणि पहिल्याच गाळपाला विसरतात.

दुपारची तोडणी

मजूर सकाळी नऊला येतात म्हणून तोडणी नऊला सुरू. फेब्रुवारीअखेरच्या दुपारी ट्रॉलीतला माल तिशीच्या वर तापलेला येतो आणि पांढरी वाइन तर 15 अंशांच्या आसपास आंबवायची असते. मग लोक चिलर (वाइन थंड करायचं यंत्र) मोठा घेतात, कर्ज वाढवतात, आणि तो चिलर उरलेलं वर्षभर अर्धवट चालतो. साक्रीकडच्या पहाटे माल फुकट गार मिळतो. हेडलाइट लावून तीन वाजता तोडा, मजुरी जास्त द्या, तरी स्वस्त पडेल.

शेडबद्दल तर बोलायलाच नको. उघड्या पत्र्याखाली मे महिन्यात वाइन ठेवणारे मी पाहिलेत, जळगाव-भुसावळच्या 44-45 अंशांत! पफ पॅनल (आत फोम भरलेले, उष्णता अडवणारे पत्रे), पांढरं छत, पश्चिमेची भिंत झाकलेली, हे आधी. सोलर पॅनल त्यानंतर. ऊन आणि चिलरचा भार दुपारी एकाच वेळी चढतात, म्हणून ते इथे परवडतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

चोथा म्हणजे द्राक्षाच्या वजनाचा पाचवा-चौथा हिस्सा. ओला ढीग घालू नका, माश्या होतात. शेण आणि कुट्टी केलेल्या पऱ्हाट्या मिसळून खत करा. बियांचं तेल काढू म्हणणाऱ्यांनी आधी वाइन विकून दाखवावी.

जाड बाटली भारदस्त दिसते म्हणून घेऊ नका. 750 मिलीची बाटली 400 ग्रॅमचीही येते, 900 ग्रॅमचीही. जास्तीची काच तुम्हीच विकत घेता आणि ट्रकभाडंही तुम्हीच भरता.

सगळीच लाल वाइन करू नका. द्राक्षाचे पैसे फेब्रुवारीत जातात, ओकच्या पिंपात मुरवलेल्या लालचे दीड-दोन वर्षांनी येतात, व्याज रोज चढतं. थोडी पांढरी, थोडी रोझे (गुलाबी) ठेवा, ती त्याच वर्षी विकते. 2008-09 च्या मंदीत महाराष्ट्रात टाक्या भरून वाइन पडून राहिली, शेतकऱ्यांचे पैसे थकले आणि वाइनच्या द्राक्षबागांवर कुऱ्हाड चालली. त्यामुळे बागायतदाराशी दर लेखी ठरवा, साखरेच्या अंशानुसार, आणि टाक्या विक्री बघून वाढवा, सरकारी घोषणा बघून नाही. सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय जानेवारी 2022 मध्ये झाला होता, अंमलबजावणी मात्र रखडली. तो बघून ज्यांनी टाक्यांची ऑर्डर दिली, त्यांना जाऊन विचारा.