घरच्या बॅकअपसाठी नॅस की एक्स्टर्नल डिस्क? माझा अनुभव

नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा, घ्यायचं जवळपास ठरलं होतं. पण ते चोवीस तास चालणार, आणि बऱ्याच घरगुती नॅसना खोलीचं तापमान ४० अंशांपर्यंतच चालतं. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी लाइट गेली, कूलर थांबला की खोलीची भट्टी होते. शिवाय नॅसमधल्या रेड १ मध्ये (एकच माहिती दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याची सोय) दोन डिस्क असल्या तरी फोटो चुकून पुसला की दोन्हींवरून जातो. म्हणजे नुसतं रेड हा बॅकअप नव्हेच, हे प्रत्येकानं समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून २ टीबीच्या दोन एक्स्टर्नल डिस्क घेतल्या, दोन्ही एन्क्रिप्ट केल्या, म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला वाचता येणार नाहीत अशा. एक कपाटात, दुसरी वर्ध्याला ताईकडे. भेट झाली की अदलाबदल. कॉपी झाल्यावर दोन-चार फाइली उघडून बघते, मगच इजेक्ट करते. घरात अनेकांना एकाच वेळी फाइली लागत असतील तर मात्र नॅस घ्या, यूपीएससकट.