जुन्या रुगर .२२ मध्ये पुंगळी अडकत असेल तर काय बघायचं

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे सेकंडहँड घेतलेलं रुगर कंपनीचं .२२ पिस्तूल, स्टँडर्ड नाहीतर मार्क वन, असतं, १९४९ साली आलेलं हे डिझाइन, आणि अजूनही मस्त चालतं. तक्रार मात्र जवळजवळ सगळ्यांची एकच, रिकामी पुंगळी (बार उडाल्यावर मागे राहणारं काडतुसाचं कवच) पिस्तुलाच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पडायच्या ऐवजी मध्येच उभी अडकते नाहीतर चेंबरमध्येच (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) बसून राहते. लगेच नवीन पार्ट मागवू नका. आधी पुंगळी नेमकी कुठे अडकतेय ते बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

सुरुवातीला मॅगझिन काढा, बोल्ट (चेंबरमागे पुढेमागे सरकणारा भाग) मागे ओढा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपून पण बघा. खऱ्या गोळ्या त्या खोलीतच ठेवायच्या नाहीत, दुसऱ्या खोलीत ठेवून यायच्या. यात कंटाळा अजिबात करू नका, पिस्तूल जुनं आहे म्हणून गोळी कमी लागत नाही.

आता हे चालतं कसं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जातं. हे ब्लोबॅक पिस्तूल आहे, म्हणजे बार उडाला की गॅसचं प्रेशर पुंगळीलाच मागे ढकलतं आणि पुंगळी बोल्टला ढकलते. एक्स्ट्रॅक्टरचं, म्हणजे बोल्टवरच्या पुंगळी धरणाऱ्या आकड्याचं, खरं काम तिला ओढून काढायचं कमी आणि बोल्टच्या तोंडाशी धरून ठेवायचं जास्त, म्हणजे पुंगळी बाहेर उडवणारा डावीकडचा इजेक्टर तिला ठोकेपर्यंत ती हलता कामा नये. त्यामुळे एक्स्ट्रॅक्टर ढिला असला तरी पुंगळी बहुतेक वेळा चेंबरमधून निघते, पण दिशा चुकते आणि खिडकीत उभी राहते. उलट ती चेंबरमध्येच रुतून बसत असेल तर आधी संशय चेंबरवर घ्यायचा.

चेंबरचं म्हणाल तर .२२ ची बरीच काडतुसं मेण लावलेली, शिशाची असतात आणि वर्षानुवर्षं ती काजळी आणि मेण मिळून आत एक कडक थर बसतो. नुसता कापडाचा पॅच फिरवून तो जात नाही, सॉल्व्हंट लावून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या आणि मग .२२ चा ब्राँझ ब्रश चेंबरमध्ये गोल फिरवा. मग टॉर्च मारून चेंबरच्या तोंडाची कड नीट बघा, फायरिंग पिन (काडतुसावर आपटून बार उडवणारी पिन) जिथे आपटते तिथे छोटा खळगा किंवा आत आलेला बर (धातूची उठलेली कड) दिसतोय का. जुन्या रुगरमध्ये हे बऱ्याचदा सापडतं, कारण बोल्टमधली फायरिंग पिन स्टॉपची छोटी आडवी पिन कोणीतरी सफाई करताना परत घालायला विसरलेलं असतं आणि मग रिकामं ट्रिगर दाबलं की फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते. असा बर असेल तर फाइल चालवू नका, धातू गेला की परत येत नाही. चेंबर आयर्निंग टूल नावाचं हत्यार मिळतं, ते धातू कापत नाही, दाबून जागेवर बसवतं. जमणार नसेल तर गनस्मिथकडे द्या. आणि ती स्टॉप पिन जागेवर आहे ना ते आत्ताच बघून घ्या.

एक्स्ट्रॅक्टर तपासायला ॲल्युमिनियमचा डमी राउंड (खोटं काडतूस) घ्या, चेंबरमध्ये भरा आणि बोल्ट हाताने मागे ओढा. इथे मदतीला गॅस नसतो, सगळा भार एक्स्ट्रॅक्टरवर, त्यामुळे डमी आतच राहिला तर दोष उघड झाला. मग बोल्ट बाहेर काढा (मूठीच्या मागची लॅच उघडून मेनस्प्रिंग हाउसिंग खाली ओढलं की बोल्ट मागून सरकत येतो, रिसीव्हर वेगळा करायची गरज नाही) आणि रिकामी पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकवून बोल्ट हलकेच हलवा. पुंगळी घट्ट धरून राहिली पाहिजे. पडली तर आकड्यामागची खाच टूथपिकने कोरून साफ करा, बरेचदा नुसता कार्बन भरलेला असतो आणि त्यामुळे आकडा रिमवर (पुंगळीच्या बुडाच्या कडेवर) पूर्ण बसतच नाही. तरीही पडत असेल तर छोट्या स्क्रूड्रायव्हरने प्लंजर (एक्स्ट्रॅक्टरला स्प्रिंगने दाबून धरणारी छोटी दांडी) मागे दाबून एक्स्ट्रॅक्टर उचला, पण हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा, ती स्प्रिंग उडाली की सापडत नाही. आकड्याची कड धारदार हवी, गोल झाली असेल तर बदला, सोबत स्प्रिंग पण बदला. दोन्ही स्वस्त आहेत, आणि पैसे घालायचेच तर इथेच घालावेत असं माझं मत आहे.

इजेक्टर सहसा बिघडत नाही. हलतोय का, वाकलाय का एवढं बघा आणि सोडा.

परत जोडताना हॅमर पुढे पाडलेला हवा आणि त्याचा स्ट्रट (त्याला जोडलेली दांडी) मेनस्प्रिंगच्या प्लंजरच्या खोबणीतच बसला पाहिजे. चुकला तर बोल्ट पूर्ण मागे येत नाही, आणि बोल्ट अर्धवट मागे आला की पुंगळी अडकणारच, मग तुम्ही उगाच एक्स्ट्रॅक्टरला दोष देत बसाल. बोल्टला तेल अगदी पातळ लावा, जास्त तेल म्हणजे जास्त काजळी.

मग रेंजवर जा. आधी हाय व्हेलॉसिटी काडतुसं वापरा, ४० ग्रेन वजनाच्या गोळीची साधारण १२०० फूट प्रति सेकंदवाली, कारण सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाच्या) किंवा जुन्या पडून राहिलेल्या काडतुसांत बोल्ट पूर्ण मागे फेकायची ताकद कधीकधी नसते. एक एकच राउंड मॅगझिनमध्ये भरून बघा, मग पूर्ण नऊ. एकेक नीट चालतंय आणि भरल्यावर अडकतंय तर मॅगझिनचे ओठ (तोंडाच्या वळलेल्या कडा) आणि वरच्या राउंडची उंची तपासा, शक्य असेल तर दुसरं मॅगझिन लावून बघा. चष्मा आणि कानाला प्रोटेक्शन हवंच, आणि घरी आल्यावर जेवणाआधी साबणाने हात धुवा, शिसं असतं.

भारतात रेंजवर .२२ स्पोर्ट पिस्तूल मारणाऱ्यांसाठी साफसफाई आणि डमीची टेस्ट हीच आहे, पण १९५९ च्या आर्म्स ॲक्टनुसार बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्याला पण लायसन्स लागतं, त्यामुळे पार्ट बदलायचं काम ओळखीच्या फिटरकडे न देता लायसन्सवाल्या आर्मररकडेच द्या आणि देताना कोणती पुंगळी कुठे अडकली ते सांगा, अडकलेल्या दोन-चार पुंगळ्या पण सोबत द्या, त्यांच्या रिमवरचे ओरखडे बघून त्याला बरंच कळतं.