घरातला शार्क हौदात हलवताना: आधी पहाटेचं पाणी मोजा

चार फुटी टाकीत मासा वळताना त्याचं नाक एका काचेला आणि शेपूट दुसऱ्या काचेला घासायला लागलं, की त्याला बाहेर न्यायलाच हवं. दुकानात बोटभर असताना शार्क म्हणून मिळणारा हा चंदेरी मासा म्हणजे पंगॅसिअस. मूळ आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीच्या खोऱ्यातला, मोठ्या नदीत एक मीटरच्याही वर जाणारा. घरातल्या काचेच्या पेटीत त्याचं आयुष्य निघणार नाही. तुमच्याकडे किंवा नातेवाइकांकडे शेतावर हौद असेल तर पुढचं वाचा. नदी, धरण, गावतळं किंवा देवळाचं कुंड डोक्यात असेल तर तो विचार आत्ताच सोडा. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार हा मगरीसारख्या तोंडाचा अमेरिकी मासा सापडला. असे मासे तिथे आपोआप पोचत नाहीत, कुणीतरी दया म्हणून सोडतं आणि तिथल्या माशांना ते भोगावं लागतं.

आता तयारी. बाकी काही जमवायच्या आधी हौदाच्या पाण्याचं तापमान मोजा, आणि ते पहाटे मोजा. दुपारी नाही, संध्याकाळी नाही, 'हात घालून बघितलं, कोमट होतं' असं तर मुळीच नाही. मागच्या वेळी मी दुपारी मोजलं, २७ अंश आलं, टाकीत २८ होतं, म्हणून फेब्रुवारीअखेरीस मासा सोडला. पहाटे त्याच हौदात १८ होतं. तो मासा गेला. पुणे-नाशिककडे फेब्रुवारीत दुपार तापते आणि रात्र गार पडते, आणि तीन फुटी उथळ हौद या दोन्हींच्या मागे धावतो. वरचं वीतभर पाणी उन्हानं तापलेलं असतं, मासा मात्र तळाशी बसतो. म्हणून पॉलिहाऊसवाले वापरतात तसा कमाल-किमान तापमान नोंदवणारा थर्मामीटर घ्या, त्याची वायर तळापर्यंत सोडा आणि आठवडाभर रोजचा किमान आकडा वहीत लिहा. तुम्हाला हवाय तो हाच आकडा. कमाल आकडा लिहूही नका, उगाच धीर येतो.

तो किमान आकडा सलग आठवडाभर २३-२४ च्या खाली गेला नाही, तरच पुढे जा. देशावर हे साधारण एप्रिलमध्ये जमतं. कोकणात त्याच्या बरंच आधी, पण तिथेही मोजा. मेच्या अखेरीस नको, कारण वळवाची एक जोरदार सर हौदाचं तापमान तासाभरात खाली आणते.

टाकीत हीटर असेल तर तो रोज एक अंशानं कमी करत हौदाच्या पहाटेच्या आकड्यापर्यंत आणा. पहाटेच्याच. दुपारच्या आकड्याशी जुळवलंत तर काहीच जुळवलं नाही. आणि मासा सोडायची वेळही सकाळीच ठेवा. सकाळी पाणी सगळ्यात गार असतं आणि तिथून ते हळूहळू तापत जातं, माशाला सवय करायला अख्खा दिवस मिळतो. संध्याकाळी सोडलात तर त्याची पहिलीच रात्र पाणी गार होत जाणारी.

हौद नवा सिमेंटचा असेल तर त्यातून चुना सुटतो आणि पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा, दहाच्याही वर जातो. तो भरा, आठवडाभर ठेवा, रिकामा करा, पुन्हा भरा. महिनाभर तरी हे करावं लागतं, आणि शेवटी पीएच मोजून खात्री करावी लागते. गवंडी म्हणेल 'आठ दिवसांत झालं', तो भिंतीबद्दल बोलतोय. खोली चार-पाच फूट हवी, कमी असेल तर पहाटेचा आकडा पुन्हा घसरतो. पाण्याच्या वर दीड फूट कठडा आणि त्यावर ताणून बांधलेली जाळी. हा मासा भित्रा आहे, सावली पडली तरी उसळतो, आणि नव्या जागेत पहिल्या रात्री तर हमखास. सांडव्याच्या पाइपला बारीक जाळी बसवा, नाहीतर पावसाळ्यात मासा ओढ्यात जाईल. शेजारच्या वावरात फवारणी होत असेल तर वाऱ्याची दिशा बघा आणि शेतमालकाशी बोलून ठेवा.

पाण्याचा मेळ घालायला एक खात्रीचा उपाय आहे. जुन्या टाकीचं पाणी बहुतेक वेळा आम्लाकडे झुकलेलं असतं आणि दख्खनच्या बोअरचं पाणी जड, पीएच आठच्या आसपास. शिवाय प्रवासात डब्यातल्या पाण्यात अमोनिया साठतो, आणि त्यात एकदम जास्त पीएचचं पाणी ओतलं की तोच अमोनिया विषारी होतो. त्यामुळे कल्ल्यांवर जो भार पडतो तो 'हळूहळू मिसळलं' म्हणून टळत नाही. म्हणून आधीच दोन आठवडे हौदाचं पाणी कॅनमधून घरी आणा, रात्रभर हवा सोडून ठेवा, आणि टाकीतलं पाणी बदलताना तेच थोडं थोडं वापरा. कॅन वाहून पाठ दुखेल, पण टाळू नका. टँकरचं किंवा नळाचं पाणी असेल तर अँटिक्लोरीन घाला. टाकीच्या फिल्टरमधला जुना स्पंज न धुता, ओला ठेवून हौदाच्या फिल्टरमध्ये टाका.

नेण्याआधी दोन दिवस खाणं बंद. मासा दीनवाणा बघेल, तरी द्यायचं नाही. पोट रिकामं असेल तर डब्यातलं पाणी कमी घाण होतं.

पकडायला जाळं वापरू नका. याच्या पाठीवरच्या आणि छातीजवळच्या परांना दातेरी काटे असतात. ते जाळ्यात अडकले की एकतर काटा मोडतो नाहीतर कातडं फाटतं, आणि याच्या अंगावर खवले नाहीत. टाकी फूटभर पाण्यावर आणा, खोलीतले दिवे घालवा, जाड ताडपत्रीचा ओला तुकडा त्याच्या खाली सरकवा आणि दोघांनी चार टोकं धरून पाण्यासकट उचला. लहान मुलांना त्या वेळी खोलीत ठेवू नका, धडपड बघून ती ओरडतात आणि मासा आणखी घाबरतो.

डबा माशापेक्षा लांब हवा. मासळी वाहणाऱ्यांकडची मोठी आईसबॉक्स उत्तम. अंग बुडून वर थोडं राहील इतकंच पाणी, बाकी हवा. बॅटरीवरचा एअर पंप, सोबत जादा सेल. झाकण दोरीनं आवळा, आत अंधार राहू द्या. घाटात गाडी सावकाश. पहाटे लवकर निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत पोचाल.

पोचल्यावर आधी थर्मामीटर. डब्यात आणि हौदाच्या तळाशी, दोन्हीकडे. दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर झाकण उघडून पंप चालू ठेवा आणि थांबा. मग ताडपत्रीनंच हौदात उतरवा, डब्यातलं पाणी बाहेर ओता.

दोन दिवस खायला देऊ नका. तो तळाशी पडून राहील, काठीनं ढोसू नका. आठवडाभर पहाटेचा आकडा बघत राहा. औषध लागलंच तर बिनखवल्याच्या माशाला नेहमीपेक्षा निम्मं.

ऑक्टोबरपासून पुन्हा रोज पहाटे मोजायला लागा. २२ आलं की रात्री हौदावर प्लास्टिक ओढा, खाणं कमी करा. २० आलं की माशाला आत हलवा. हिवाळ्यापुरती ती आतली जागा आणि मोठी टाकी कुठे असणार हे एप्रिलमध्येच ठरवा. निफाडकडच्यांनी तर ती आधी बांधावी, मग मासा न्यावा.