लग्नाशिवाय एकत्र राहताय? आधी मृत्युपत्र करा

वीस वर्षं एका घरात काढली तरी हिंदू वारसा कायद्याच्या यादीत लग्न न केलेल्या जोडीदाराचं नाव येत नाही. मृत्युपत्र नसेल तर घर मुलांकडे, आईकडे किंवा भावंडांकडे जातं आणि मागे राहिलेल्याला कुलूप लावून निघावं लागतं. फॅमिली पेन्शन जाऊ नये म्हणून पुन्हा लग्न न करणारे ज्येष्ठ असोत, की सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही लग्नाचा हक्क न मिळालेली समलिंगी जोडपी, कागद दोघांनाही तेच लागतात.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. साक्षीदार दोन हवेत. त्यांच्यादेखत तुम्ही सही करायची, मग तुमच्यासमोर त्यांनी. जोडीदाराला साक्षीदार करू नका. साक्षीदार वयानं तुमच्याहून लहान असावेत, कारण उद्या कोर्टात उभं राहायला तेच लागतील. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे जाऊन करून घ्याच: तिथला फोटो आणि अंगठा पुढे फार कामी येतो. वय झालं असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

मृत्युपत्र अडतं ते बहुतेकदा मजकुरात. 'माझं मानेवाड्याचं घर' एवढं पुरत नाही. भूखंड क्रमांक, खसरा (जमिनीचा सर्व्हे क्रमांक), मौजा (महसुली गाव), आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असेल तर तिचा तपशील, नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) प्लॉट असेल तर आरएलचा, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्राचा, क्रमांक आणि तारीख, सगळं रजिस्ट्रीत (नोंदणी झालेल्या खरेदीखतात) आहे तसं उतरवा. दुसरं म्हणजे कारण लिहा: 'आजारपणात यांनी माझी सेवा केली, मुलांना त्यांचा वाटा आधीच दिला आहे.' रक्ताच्या वारसांना काहीच न देता कारणही लिहिलं नसेल, तर कोर्टाला संशय येतो. वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो.

नॉमिनी लावला म्हणजे झालं, हा समज घर बुडवतो. बँकेत जोडीदाराला नॉमिनी करता येतं, पण नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो. हक्क वारसाचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याचा. पीएफचं तर आणखी अवघड. बायको, नवरा, मुलं किंवा अवलंबून असलेले आईवडील असतील तर बाहेरच्या व्यक्तीचं नामनिर्देशन रद्दच ठरतं. फॉर्म घेतला गेला म्हणून निर्धास्त राहू नका.

दवाखान्यासाठी मुखत्यारपत्रावर विसंबू नका: ते देणाऱ्या माणसाची समज गेली की मुखत्यारपत्राचा अधिकार संपतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. त्याऐवजी लिव्हिंग विल करा, म्हणजे बरं होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही, उपचारांबाबत निर्णय घेणाऱ्यांची नावं (एकाहून जास्त द्या) आणि एक प्रत महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मानसिक आजाराच्या उपचारासाठी २०१७ च्या कायद्यानुसार साध्या कागदावर सही करून कुठल्याही सज्ञान माणसाला प्रतिनिधी नेमता येतं.

घर दोघांनी घेत असाल तर रजिस्ट्रीत टक्के लिहा, ६०-४० तर ६०-४०. एक गेला की त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून पुन्हा मृत्युपत्र हवंच. बक्षीसपत्र करायचं तर नवरा-बायको, मुलांना मिळणारी मुद्रांकाची सवलत जोडीदाराला नाही. एकत्र राहण्याचा करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करा. खर्च, भांडीकुंडी, गाडी कुणाची हे त्यातून स्पष्ट होतं, वारसा मात्र मिळत नाही.

पुरुषासोबत लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण आहे. तो आधीच विवाहित असेल आणि हे तिला माहीत असेल, तर ते मिळणं कठीण. मिळकत कितीही असो, बाईला नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जाताना रजिस्ट्री, आधार आणि एकाच पत्त्याची जुनी बिलं सोबत न्या.