वसईतील कॅथलिक शाळेचा इतिहास कसा लिहावा

वसईच्या एखाद्या कॅथलिक माध्यमिक शाळेचा इतिहास लिहायचा असेल, तर सुरुवात स्मरणिकांतील गौरवलेखांपासून न करता कार्यालयातील जनरल रजिस्टरपासून करावी. त्यातील प्रवेशाची तारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण हे रकाने वर्षानुवर्षांच्या क्रमाने वहीत उतरवून घेतले की, मुली शाळेत कधीपासून आल्या आणि मुलगे-मुलींचे सहशिक्षण प्रत्यक्षात केव्हा रुळले, हे आपोआप उलगडत जाते. मुलीच्या नावासमोर सातवीनंतर लिहिलेले ‘घरकामामुळे’ हे एकच कारण त्या काळाविषयी पुष्कळ सांगून जाते. अशी नोंद गाळू नये. पाने जीर्ण असल्यास झेरॉक्स न काढता उजेडात फोटो घ्यावेत.

त्यानंतर चर्चच्या दप्तराकडे वळावे. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतील चर्चचा विभाग, 1998 मध्ये झाला. त्यापूर्वीचा पत्रव्यवहार मुंबई महाधर्मप्रांताकडे शोधावा लागतो.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती, विशेषतः सामवेदी आणि वाडवळ या स्थानिक समाजांच्या घरांतील वृद्ध स्त्रियांच्या, त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि हे काम आजच हाती घ्यावे.